मखराची जाळी कापताना कटिंग मशीनवर कागद फाटतोय, नक्की कुठे बघू?

कागदी_होडी, डोंबिवली

नमस्कार मंडळी. घरगुती कटिंग मशीन आहे, १२ इंची मॅटवालं, म्हणजे कागद एका चिकट शीटवर लावून आत सोडायचा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग अख्खा धागा "हे कशाला घेतलं, ते घ्यायचं होतं" यावरच जातो आणि माझा प्रश्न राहतो बाजूला.

तर गणपतीसाठी कागदाचं मखर करतेय. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी पुठ्ठा नाहीतर कार्डशीटचंच असतं, आत्तापर्यंत सगळं कटरने हाताने कापायचो, यंदा मशीन आहे म्हटल्यावर घरातल्या सगळ्यांच्या अपेक्षा वाढल्यात आणि नवऱ्याने सोसायटीच्या ग्रुपवर सांगूनपण टाकलंय. कागद म्हणजे सोनेरी मेटॅलिक कार्डशीट, पाकिटावर २२० जीएसएम (चौरस मीटरला २२० ग्रॅम) लिहिलंय. डिझाइन कमानीची जाळी, त्यात बारीक कमळं आणि कोयऱ्या, वर "गणपती बाप्पा मोरया".

आता प्रॉब्लेम असा की मोठे गोल, पट्ट्या, कमानीची बाहेरची रेघ एकदम मस्त कापली जाते. जाळी सुरू झाली की वाट लागते. पाकळ्यांच्या टोकाला कागद गोळा होतो, लव निघाल्यासारखी दिसते, मग एखादा छोटा त्रिकोण सुटतो आणि पात्याबरोबर फिरत शेजारची नीट कापलेली जाळीपण उचकटतो. अक्षरांचं तर विचारूच नका, वरची रेघच प्रत्येक अक्षरापाशी फाटलेली असते आणि "प्पा" तर वेगळाच होऊन हातात येतो. मला वाटलं नीट कापलं जात नाहीये म्हणून फाटतंय, म्हणून प्रेशर वाढवलं, तर अजूनच वाईट, मॅटवर चरे पडले ते वेगळेच.

पातं मशीनबरोबर आलेलंच आहे. मॅट वापरलेली आहे पण हाताला चिकटते. सेटिंग कार्डस्टॉकचं. शीट महाग आहे हो, अशीच वाया घालवायला जिवावर येतं. आधी काय बघू? पातं, मॅट, कागद की फाइल? गणपती तोंडावर आलेत.

रेडियमवाला_सांगली

ताई, आधी ते प्रेशर होतं तिथे खाली आणा. फाटतंय म्हणून प्रेशर वाढवायचं हे सगळेच करतात आणि दहापैकी नऊ वेळा त्याच्याच उलट पाहिजे असतं. आमचं दुकान नंबरप्लेट आणि रेडियम कटिंगचं, प्लॉटर म्हणजे आमचं कटिंग मशीन दिवसभर चालू असतं, मशीन मोठं असलं तरी पात्याचं गणित तुमच्या मशीनलाही तेच आहे.

आता मशीनला हात लावायच्या आधी फाटलेली शीट उजेडात धरून बघा, फाटलंय कुठं ते. त्यावरनं निम्मा निकाल लागतो. सरळ रेघेतच लव निघत असेल तर पातं बोथट नाहीतर कागद पोकळ. सरळ रेघ स्वच्छ आणि फक्त कोपऱ्यात गोळा होत असेल तर पातं वळत नाहीये. शीटच्या एकाच बाजूला फाटत असेल तर तिथं मॅटची पकड गेलीय. आणि मशीन थांबेपर्यंत सगळं बरोबर होतं, काढतानाच फाटलं, तर मशीनचा काही संबंधच नाही, काढायची पद्धत बघायला पाहिजे. तुमच्या वर्णनावरनं मला कोपऱ्याचा प्रकार वाटतोय, निदान जाळीचा तरी. अक्षरांचं वेगळं काहीतरी आहे.

कोपऱ्याचं सांगतो. या मशीनमधलं पातं मोटरने वळवलेलं नसतं, ते ओढत नेलेलं असतं. टोक बरोबर मध्यावर नसतं, दांड्याच्या मध्यापासून जरासं बाजूला असतं, आमच्या प्लॉटरच्या पात्याला ०.२५ मिमी. मॉलमधल्या ट्रॉलीचं पुढचं चाक कसं ढकलाल तिकडं आपोआप वळतं, तसं ते वळतं. आता त्या चाकात केस अडकले की ते वळायच्या ऐवजी घसटत जातं ना, इथं पण हेच होतं. पात्याच्या नळीत कागदाची पूड, व्हिनाइलचा (स्टिकरच्या प्लॅस्टिकचा) बारीक तुकडा, मॅटचा गोंद, काही ना काही जाऊन बसतं, पातं मोकळं फिरत नाही, मग गोलात चालून जातं कारण गोलात हळूहळू वळायचं असतं, पण पाकळीच्या टोकाला एकदम वळायचं आलं की ते आडवं होऊन कागद खरवडतं. तुमचं गोल चांगलं येतंय आणि टोक फाटतंय याचा अर्थ बहुतेक हाच.

करायचं काय, होल्डर काढा, वरचं बटण दाबून पातं बाहेर येतं ना, त्याच्या बुंध्याशी काय अडकलंय बघा, मऊ ब्रशनं काढा, नळीत फुंकर मारा. बोट टोकाला लावू नका, दिसत नाही पण कचकन घुसतं. टाचणीनं नळीच्या आत खरडत बसू नका, आत बेअरिंग असतं. मग अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा घट्ट गोळा करून त्यात पातं पाचपंचवीस वेळा टोचा. यानं धार येते असं सगळीकडं सांगतात, धार बीर काही येत नाही, चिकटलेला कचरा निघतो एवढंच, पण तेवढ्यानं पण बऱ्याचदा काम भागतं. परत बसवताना होल्डर खाली टेकेपर्यंत दाबून क्लॅम्प नीट लावा, क्लॅम्प अर्धवट राहिला तर पातं वरखाली नाचतं आणि मग तुम्ही जगातली कुठलीही सेटिंग लावा.

तुमच्या होल्डरवर आकडे असतील, म्हणजे पातं किती बाहेर ठेवायचं ते हातानं लावायचं असेल, तर कागदाच्या जाडीपेक्षा केसभरच जास्त ठेवा. सिल्हूट कंपनीच्या रॅचेट (फिरवून आकडा लावायच्या) पात्यात एक आकडा म्हणजे ०.१ मिमी. साधा ८० जीएसएमचा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिमी जाड असतो, तुमची २२० ची शीट पाव मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे ३ पासून सुरू करा. पातं जास्त बाहेर असलं की ते मॅटमधे रुततं आणि रुतलेलं पातं वळत नाही, चरे पडले म्हणालात ते त्याचंच लक्षण.

स्पीड सगळ्यात कमी ठेवा. प्रेशर कमी करून दोन पास द्या, म्हणजे त्याच रेघेवरनं पातं दोनदा फिरवा. आणि शीटच्या कोपऱ्यात आधी एक छोटा चौकोन आणि त्यात त्रिकोण असं टेस्ट कापा, अर्धा इंच जागा जाते, पूर्ण शीट वाचते. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशामुळं सुधारलं ते कळत नाही आणि पुढच्या वर्षी परत इथंच विचारायला येता.

एडिसनची_माई

रेडियमवाल्या दादांनी पात्याचं छानच सांगितलंय, मी मॅटवर बोलते कारण "हाताला चिकटते" हे काही खरं नाही. हाताला चिकटणं वेगळं आणि बारीक जाळी खाली धरून ठेवणं वेगळं. तो सुटलेला त्रिकोण पात्याबरोबर फिरतोय असं तू लिहिलंयस ना, मॅटची पकड चांगली असती तर तो सुटला तरी जागच्या जागी बसून राहिला असता.

मी इथे न्यू जर्सीत मराठी मंडळाच्या गणपतीचं डेकोरेशन करते, माझ्याकडे क्रिकट कंपनीचं मशीन आहे. त्यांच्या मॅटचे रंगच ठरलेले आहेत, निळी सगळ्यात कमी चिकट, पातळ कागदाला, हिरवी मधली, कार्डस्टॉक आणि व्हिनाइलला, जांभळी जास्त चिकट, जाड बोर्डाला, गुलाबी कापडाला. तुझी शीट हिरव्यावाल्या पकडीची आहे. दुसऱ्या कंपनीची असली तरी लाइट, स्टँडर्ड, स्ट्राँग असं लिहिलेलं असतंच.

मॅट धुता येते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. कोमट पाणी, भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब, मऊ ब्रशने किंवा हातानेच गोल गोल, कागदाची लव सगळी निघते, मग उभी ठेवून वाऱ्यावर वाळवायची. टॉवेलने पुसू नकोस, टॉवेलचे तंतू चिकटून परत पहिले पाढे पंचावन्न. गरम पाणी नको. वाळली की चिकटपणा बऱ्यापैकी परत येतो. नाहीच आला तर शीटच्या चारी कडांना पेंटरवाली निळी टेप लाव, पण टेप कडांनाच धरते हं, मधल्या जाळीला तिचा काही उपयोग नाही.

शीट मॅटवर ठेवल्यावर हाताने नुसती दाबू नकोस, लाटणं फिरव. खरंच. रोलर मिळतो त्यासाठी वेगळा, पण लाटणं तेच काम करतं, फक्त मधे एक स्वच्छ कागद ठेव नाहीतर सोनेरी रंगावर ओरखडे येतात.

आणि काढताना! कागद मॅटवरून ओढायचा नाही. मॅट उलटी कर, कागद टेबलावर पालथा राहील, आणि मॅट वाकवत वाकवत वर उचल, कागद सपाटच राहिला पाहिजे. कागद वाकला की मेटॅलिक शीटला पांढऱ्या रेषा पडतात आणि जाळीच्या काड्या तुटतात. आतले तुकडे मॅटवरच राहतात, ते नंतर खरवडून काढायचे.

अ‍ॅपमधे नुसतं कार्डस्टॉक निवडू नकोस, बारीक नक्षीच्या कार्डस्टॉकचं वेगळं सेटिंग असतं, क्रिकटमधे तरी आहे, ते लावून बघ.

थर्माकोलवाले_काका

मी चाळीच्या मंडळाची मखरं केलेला माणूस, तेव्हा गरम तारेने थर्माकोल कापायचो, आता कागद. माझं म्हणणं सरळ आहे, एवढी बारीक जाळी पाहिजेच कशाला? मखर माणसं सहा फुटांवरून बघतात. दीड मिलिमीटरची काडी जवळून फोटो काढायला छान, पण मागे दिव्यांची माळ लावली की तिची सावलीसुद्धा पडत नाही, नुसतं पिवळं धुरकट दिसतं. काडी ३ मिमी ठेवा, भोकं मोठी करा. पाकळीचं टोक अगदी सुईसारखं न करता जरा गोल करा, पातं वळायला जागा मिळते आणि टोक वरपण येत नाही. फाइल तीच, नुसती मोठी केली तरी निम्मं दुखणं जाईल. एका शीटवर मावत नसेल तर कमान तीन तुकड्यांत कापा आणि जोडावर कमळ चिकटवा, कोणाला कळणार आहे?

बाकी कटरने दोन संध्याकाळी झालं असतं हे मी बोलत नाही.

कागदी_होडी, डोंबिवली

काका, बोललात की!

बरं, रिपोर्ट देते. उजेडात धरून बघितलं. सरळ रेघा खरंच स्वच्छ आहेत, टोकांनाच गोळा झालंय, आणि अजून एक दिसलं की डावीकडे खालच्या बाजूला जास्त फाटलंय, म्हणजे दादा आणि माई दोघंही बरोबर असणार. होल्डर उघडला तर बुंध्याशी काळ्या व्हिनाइलचा दोऱ्यासारखा तुकडा गुंडाळलेला, मुलीच्या बाटलीवर नाव लावलं होतं त्याचा असणार, तो चिमट्याने काढला. फॉइलचा गोळा केला. होल्डरवर आकडे नाहीत, आपलं ठरलेलंच आहे, त्यामुळे फक्त प्रेशर कमी केलं आणि स्पीड खाली आणला. चौकोन-त्रिकोण कापून बघितला, टोकं एकदम शार्प! मॅट धुवून वाळत घातलीय पण या हवेत वाळायला संध्याकाळ होणार.

काकांचं ऐकून जाळी मोठी करतेय. पण अक्षरं? पात्याची सफाई झाल्यावर सेम फाइल चालवली तर पाकळ्या सुधारल्या आणि अक्षरं जशीच्या तशी. वरची रेघ ग आणि ण च्या मधे, ण आणि प च्या मधे, प्रत्येक ठिकाणी उभी चिरलेली. फाँट एक फुकटचा छान मिळाला होता, अ‍ॅपमधेच टाइप केलंय. जाळीची फाइल म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेल्या फोटोवरून अ‍ॅपने ट्रेस केलीय.

वेलांटी

अहो ते फाटत नाहीये, मशीन ते कापतंय! तुम्हीच सांगितलंय त्याला कापायला, म्हणजे फाइलने.

देवनागरी फाँटमधे प्रत्येक अक्षराला आपापला शिरोरेखेचा तुकडा असतो. स्क्रीनवर ते तुकडे एकमेकांवर थोडे चढतात आणि आपल्याला सलग रेघ दिसते. पण कटिंग मशीनला सलग रेघ वगैरे काही दिसत नाही, तिला दिसते प्रत्येक आकाराची कड. म्हणजे ग ची रेघ जिथे संपते तिथे एक उभी कड आणि अर्ध्या मिलिमीटरवर ण ची रेघ सुरू होते तिथे दुसरी उभी कड. पातं दोन्ही कापणार, आणि एवढ्या जवळजवळच्या दोन चिरांमधे कागद उरणार किती, तो गोळा होऊन येणारच. काना, वेलांटी, मात्रा यांचंही तेच, जिथे जिथे ती अक्षराला चिकटलेली दिसते तिथे तिथे आतून एक चीर आहे. इंग्रजी छापील अक्षरं सुटी सुटीच असतात म्हणून तिकडच्या व्हिडिओंमधे हे फक्त कर्सिव्ह फाँटच्या वेळी सांगतात, आपल्याला मात्र प्रत्येक शब्दाला लागतं.

उपाय सोपा आहे. सगळी अक्षरं निवडून वेल्ड करायची, म्हणजे एकमेकांत जोडून एकच आकार करायचा. वेल्ड बटण बहुतेक अ‍ॅपमधे असतं. पण काही अ‍ॅपमधे मराठी टाइप केलं की जोडाक्षरं तुटतात, "प्पा" चं "प् पा" होतं, म्हणून मी सरळ इंकस्केप या चित्रांच्या प्रोग्रॅममधे करते, ते फुकट आहे. तिथे टाइप करा, मग टेक्स्टचं पाथमधे (म्हणजे नुसत्या कडेच्या रेघांत) रूपांतर, मग ग्रुप सोडवा, मग सगळं निवडून युनियन. झालं की आउटलाइन व्ह्यूमधे बघा, शिरोरेखेच्या आत एकपण उभी रेघ दिसता कामा नये. मग एसव्हीजी सेव्ह करून अ‍ॅपमधे उघडा.

हे झालं तरी एक बघा, तुमचं अक्षर सोनेरी कागदाचं कापून चिकटवायचंय की कागदात अक्षराच्या आकाराचं भोक ठेवून मागून लाल दाखवायचंय? भोक असेल तर प, ब, ण यांच्या पोटातले तुकडे गळून पडणार, त्यांना बारीक पूल ठेवावे लागतात. कापून चिकटवणार असाल तर त्याची काळजी नाही, पण कुठली मात्रा किंवा वेलांटी सुटी राहिलीय का तेवढं बघा.

जाळीची फाइल ट्रेस केलेली आहे म्हणालात, तिथे पण गोम आहे. फोटोवरून ट्रेस करताना रेघेचा मोड निवडला गेला तर एकाच काळ्या रेघेच्या दोन्ही बाजूंना पाथ तयार होतो, आत एक बाहेर एक, पातं दोनदा फिरतं आणि मधे केसासारखी पट्टी उरते. ती पट्टी म्हणजे तुमची "लव" असू शकते. शिवाय व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो म्हणजे कडा आधीच पिसारलेल्या, त्यामुळे एका पाकळीला जिथे चार नोड (रेघेवरचे वळणबिंदू) पुरले असते तिथे शंभर पडतात आणि पातं प्रत्येक नोडला हिसका खातं. इंकस्केपमधे पाथ निवडून कंट्रोल एल दाबा, नोड कमी होतात. एकदोनदाच दाबा, जास्त दाबलं तर कमळाचा बटाटा होतो.

आतली भोकं आधी, बाहेरची रेघ शेवटी, हा क्रमही सेट करता आला तर करा. बाहेरची आधी कापली गेली तर अख्खी कमान सुटी होते आणि मग आत काय धरून ठेवणार?

प्रेसवाला_बुधवारपेठ

सगळे मशीनवर बोलताहेत, कागदाची बाजू कोणीच घेत नाही म्हणून लिहितो. ऑफसेट प्रेसमधे आयुष्य गेलं.

डोंबिवली, भर पावसाळा, आणि मॅट वाळायला संध्याकाळ होते असं त्या स्वतःच सांगतायत. त्याच हवेत ती शीट उघडी पडलीय ना? कागद हवेतलं पाणी पितो. लॅबमधे कागद तपासतात तो २३ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेला, तुमच्याकडे पावसात आर्द्रता सहज ८०-९० च्या घरात. अशा हवेत तंतू मऊ पडतात, एकमेकांना सैल धरतात, मग पातं कितीही चांगलं असो, ते तंतू तोडायच्या ऐवजी ओढतं. हात लावून बघा, कोरडी शीट हलवली की खडखड वाजते, दमट शीट नुसती डुलते. दमट शीट कडांना वळते, म्हणजे मॅटवरून सुटते, ते वेगळंच.

पाकीट वापरून झालं की हवा काढून चिकटपट्टी लावून ठेवायचं, त्यात बुटांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी चालतात. कापायच्या आदल्या रात्री शीट एसी असलेल्या खोलीत सपाट, वर वजन ठेवून. एसी नसेल तर दिवसभर कपाटात दिव्याखाली, पूर्वी आमच्याकडे तसंच करत. इस्त्री करू नका, मेटॅलिक थर निघतो.

दुसरं म्हणजे कागदाला दिशा असते. कारखान्यात लगदा ज्या दिशेने धावतो त्या दिशेने तंतू झोपतात. शीट एका बाजूने वाकवा आणि मग दुसऱ्या बाजूने, जिकडे सहज वाकते ती घडी तंतूंच्या दिशेने. कमानीच्या लांब काड्या त्याच दिशेने आल्या तर ताठ राहतात, आडव्या आल्या तर काढताना मटकन तुटतात. फाइल ९० अंशात फिरवली की काम झालं, पैसे लागत नाहीत.

तिसरं, "मेटॅलिक" म्हणून दुकानात दोन वेगळ्या गोष्टी विकतात. एक मोतिया झाक असलेला, रंग कागदाच्या वरच्या थरात असतो, तो चांगला कापला जातो. दुसऱ्यावर चक्क प्लॅस्टिकची सोनेरी फिल्म चिकटवलेली असते, आरशासारखी चमकते. कोपरा फाडून बघा, फिल्म असेल तर लांबून ओघळल्यासारखी निघते. ती फिल्म पात्याखाली ताणली जाते. अशी शीट उलटी लावून मागून कापली तर बऱ्याचदा कड स्वच्छ येते, फक्त डिझाइन मिरर करायला विसरू नका, नाहीतर बाप्पा उलटा मोरया.

आणि रेडियमवाल्यांशी एका गोष्टीत माझं पटत नाही. दोन पास व्हिनाइलला ठीक, त्याला खाली लायनर (मागचा कागद) असतो, हलत नाही. कागदाची जाळी पहिल्या पासात जराशी जरी उचलली गेली तरी दुसरा पास त्याच रेघेवर पडत नाही, कड दुहेरी होते. पाव मिलिमीटरच्या कागदाला नवं पातं आणि एक पास पुरे.

रेडियमवाला_सांगली

प्रेसवाले काका, मॅट ढिली असंल तर तुमचं खरं. मॅट धुतलेली आणि शीट लाटण्यानं बसवलेली असंल तर दोन हलके पास एका जड पासापेक्षा बरे, कारण जड पासात पातं रुतून वळत नाही, तिथंच तर कोपरा जातोय. ताई, तुम्ही दोन्ही टेस्ट कापून बघा, भांडण मिटेल.

पण नवं पातं घ्या म्हणतायत ते घ्या. व्हिनाइल आणि कागद एकाच पात्यानं कापू नका, कागद पातं लवकर खातो, त्यात भरणा म्हणून खडूसारखी भुकटी असते. एक पातं कागदाचं, एक व्हिनाइलचं, टोपीवर मार्करनं खूण करून ठेवा. घेताना ४५ अंशाचं (हा पात्याच्या टोकाचा कोन) घ्या. ६० अंशाचं जाड मालाला असतं, काहीजण बारीक नक्षीलापण तेच वापरतात, पण आधी ४५ वर बघा, ते स्वस्त असतं.

कागदी_होडी, डोंबिवली

वेलांटी, तुमचं नाव सार्थ आहे! आउटलाइनमधे बघितलं तर शिरोरेखेत खरंच चिरांची रांगच होती. युनियन केलं, "गणपती बाप्पा मोरया" सलग निघालं, एकपण अक्षर सुटलं नाही. जाळी पण दुहेरी पाथची होती, वहिनीच्या मुलाने आतले सगळे डिलीट करून दिले, मग कंट्रोल एल.

शीट फिल्मवाली निघाली, कोपरा फाडल्यावर लोंबली. उलटी लावून मिरर करून कापली. एक पास आणि दोन पास दोन्ही बघितले, माझ्या मशीनवर तरी धुतलेल्या मॅटवर दोन हलके पास जास्त चांगले आले, एका पासात दोनचार ठिकाणी टोकं अडकून राहिली होती आणि काढताना तिथेच फाटलं. प्रेसवाले काका, रागावू नका, खडखड वाजणाऱ्या शीटवर परत बघते, ही अजून डुलणारीच आहे, बाकीच्या एसीत ठेवल्यात. पातं मागवलंय.

आता एक उपप्रश्न. दिवाळीला याच मशीनवर कंदिलाच्या झिरमिळ्या आणि करंज्यांची नक्षी कापायची आहे, घोटीव कागदातून. तो तर नुसत्या श्वासाने उडतो. मॅटवरून निघेल का अखंड?

एडिसनची_माई

हिरव्या मॅटवरून नाही निघणार, चिंध्या होतील. निळी घे, आणि ती नवी असेल तर आधी स्वच्छ सुती टीशर्टवर चारपाच वेळा थोपटून तिचा चिकटपणा कमी कर. सेटिंग वॉशी (पातळ जपानी कागद) किंवा टिश्यूचं.

रेडियमवाला_सांगली

किंवा घोटीव कागदाखाली झेरॉक्सचा कागद ठेवून दोन्ही मिळून कापा. दोन्हीच्या मधे रिपोझिशनेबल स्प्रे अगदी हलका, फूटभर लांबून, चिकटला पाहिजे पण सुटलाही पाहिजे. खालचा मॅटला चिकटतो, वरचा त्यावरनं अलगद सुटतो. झिरमिळ्यांना मात्र मशीन लावू नका, सरळ पट्ट्याच आहेत, वीस थर एकत्र धरून स्टीलची पट्टी आणि कटर, पाच मिनिटांचं काम.

थर्माकोलवाले_काका

आता कसं बोललात.